नकलनवीस

आमच्या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि शहरात नदी दिसत नाही.
गिरण्यांनी ती केव्हाच नळात कोंडून पुरली.
वूचमध्ये जन्मलेल्याला म्हणून खालचं ऐकू येतं,
असं लुदोमिर म्हणायचा
आणि लगेच हसायचा;
वाक्य जरा जास्तच झालं हे त्याचं त्यालाच कळायचं.

एकाहत्तरच्या मार्चात तो पहिल्यांदा आला:
कातडी जाकीट, बोटांना डाख दिल्याचा वास,
काखेत चौतीस पानं, सगळी पेन्सिलीत.
"रॉक बँड आहे, चौघांचा.
शिवाय बेचाळीस वादक लागतील."
मी विचारलं, शाई कोण देणार?

संगीतकार एकदा लिहितो, मी बेचाळीसदा.
ज्याला त्याला त्याच्यापुरतं.
पान उलटायची वेळ विरामात यावी,
एवढीच माझी कला. हाल्श्का हे नाव कुठे छापत नाहीत.

तालमीला ओबोवाले म्हातारे व्हिएल्गोश
कानात कापूस घालून बसले.
ड्रमभोवती आम्ही वसतिगृहातल्या रजया टांगल्या.
गेर्वाझी गिटारवाला, त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं;
लुदोमिरची डावी भुवई हेच त्याचं पान.
आणि मधल्या सुट्टीत, तोंडात काकडीचं लोणचं,
लुदोमिर मला सांगत होता:
गिटार किंचाळते तिथे व्हायोलिनांना किंचाळू देऊ नये.
व्हिओलांना एकच स्वर द्यावा,
घरात कुणीतरी जागं आहे
एवढं कळण्यापुरता.

त्या रात्री व्हिओलाच्या दुसऱ्या डेस्कच्या पानावर
माझ्याकडून एक चिन्ह सुटलं.
एकशे बाराव्या मापात अर्धा स्वर खाली.
तसंच ध्वनिमुद्रण झालं, तबकडी निघाली,
लोकांनी ती झिजेपर्यंत ऐकली.
मला कळलं दोन वर्षांनी, भांडी घासताना, रेडिओवर.
हात पाण्यातच राहिले.
त्याला सांगितलं नाही.

मग गेर्वाझी हँबर्गच्या मैफिलीनंतर
परतीच्या बसमध्ये चढलाच नाही.
बँड मोडला. लुदोमिरने
मुलांच्या कार्टूनपटांत साळिंदराला चालवलं, बासूनवर.
एक्याऐंशीच्या डिसेंबरात रस्त्यावर रणगाडे आले,
स्टुडिओला कुलूप लागलं,
तेव्हा तो शाळेत अकॉर्डियन शिकवायचा, हातमोजे घालून.
आणि पुढे जपानहून ती पेटी आली:
एक कळ दाबली की साठ व्हायोलिनं,
कुणाला खोकला नाही, कुणाला पान उलटायचं नाही.

मी चार वर्षं बाजारात बटणं विकली.
एकदा तो आला. कोटाची सहा बटणं घेतली,
एकही एकमेकाशी न जुळणारं.
"ऑर्केस्ट्रेशन," म्हणाला. पैसे जास्त ठेवून गेला.

शेवटचं काम त्याने सत्तरीत लिहिलं.
पेटीवर नाही. पुन्हा पेन्सिलीत.
सुरुवातीला नऊ डबल बास, नुसते गुणगुणणारे:
जुना ॲम्प्लिफायर चालू ठेवला की
तारेतली वीज घुमते ना, तो आवाज.
जीच्या केसभर वर, त्याने समासात लिहिलं होतं,
इकडच्या प्रत्येक भिंतीत हाच सूर आहे,
तुमच्या स्वयंपाकघरातही, ऐका.
मी ऐकलं. फ्रिज खरंच गात होता.

चष्मा पुसत पुसत उतरवत गेले.
एकशे बारावं माप आलं.
व्हिओला, सगळे डेस्क,
अर्धा स्वर खाली.
शेजारी बारीक अक्षरात:
हाल्श्का, हे असंच. दुरुस्त करू नकोस.
त्याशिवाय मला ते घर रिकामं वाटतं.

अडतीस वर्षं.
मी शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले,
मग पुढचं पान घेतलं,
कारण गुरुवारी तालीम होती
आणि ट्रॉम्बोन अजून लिहायचे राहिले होते.