तलावाचा पडदा

नाटक उद्या रात्री. कापलेल्या धानाच्या बांधीत
मंडप उभा झाला,
आणि माझा तलाव अजून ओला.

सरस उकळून नीळ कालवली होती,
अठरा हात कापडावर भराभर ओढली.
गडद दिसली. बरं वाटलं.
डोमाजी तणसावर बसून
लाखोरीच्या शेंगा सोलत होते.
"हा रंग खोटा हाय," म्हणाले.
"वारू दे, बाबू. मंग पाय."

कंपनीच्या मालकाचा फोन. झाला का?
झालाच, म्हणालो,
ओल्या रंगासारखंच.

मग बोडीकडे गेलो.
वडसा ते सिंदेवाही, किती तलाव रंगवले मी,
पाण्याकाठी असा बसलो नव्हतो.
निळं तिथं काहीच नव्हतं.
शेवाळी, थोडं राखाडी,
पळसाच्या सावलीत कोऱ्या चहासारखं,
आणि एक पाणडुबी.
बुडाली ती कुठून निघेल
हे बघता बघता
हातातली बिडी विझून गेली.

परतलो तर माझी नीळ
धुऊन विटलेल्या गणवेशासारखी.
डोमाजी काही बोलले नाहीत.
एक शेंग पुढं केली.
मी पिवडी घेतली, चिमूटभर काजळी,
एक हात दिला.
थांबलो.
मंडपात कुणी माइक तपासत होतं,
हॅलो, हॅलो, एक, दोन,
तीन काही येईना.

पुन्हा फोन वाजला.
या वेळी डोमाजींनी उचलला.
"तलाव भरून रायला जी," म्हणाले,
"अजून काठाले पानी लागाचं हाय."