सत्तावन्न

सेंगा डोहर्टीची तक्रार अशी होती:
जिन्याची एक पायरी चोरीला गेली.
अठ्ठावन्न होत्या, आता सत्तावन्न.
वय एक्याऐंशी, राहणार गोव्हन, ग्लासगो, तिसरा मजला,
चष्मा फक्त वाचायला. हेही मी लिहून घेतलं.

आमच्या खात्याला पाटी नाही.
ठाण्याच्या तळघरात बॉयलरमागे दोन टेबलं,
मिठाची बरणी, एक लोखंडी शिट्टी
जी वाजली की मेलेला माणूस पुन्हा मरतो,
आणि सार्जंट इशबेल गॅलब्रेथ, जिला दिसतं.
मला दिसत नाही. म्हणूनच मला इथे नेमलंय.
या देशाच्या कायद्याला एक साक्षीदार पुरत नाही,
आणि दुसरा, साहेब म्हणाले, शक्यतो आंधळाच बरा,
त्याच्यावर कोर्टाचा चटकन विश्वास बसतो.

जिना ओला होता. नोव्हेंबरात तिथे सगळंच ओलं,
हिरव्या टाइल्स, टपालपेट्या, शेजाऱ्यांचे आवाज.
इशबेल मोजत चढली, मी मोजत उतरलो.
सत्तावन्न. सत्तावन्न.
कुठे खाच नाही, सिमेंटचा नवा डाग नाही.
फक्त दुसऱ्या वळणावर पाय उचलला गेला
नसलेल्या पायरीसाठी,
आणि कोळशाचा वास आला.
त्या गल्लीत कोळसा जळून चाळीस वर्षं झाली.

सेंगाने चहा दिला. नाव वेगळंच आहे म्हणालो
तर म्हणाली, इंग्रजीत ॲग्नेस लिही, शेवटून वाच.
न्यायला जे येतं ते नाव वाचत येतं,
ते दाराशीच अडखळावं, म्हणून आईने उलटं ठेवलं.
"तो नाही अडखळला.
त्याने मला कधी नावाने हाक मारलीच नव्हती."
तो म्हणजे कोण?
ती बराच वेळ बिस्किटांचा डबा शोधत राहिली.
डबा टेबलावरच होता.

मध्यरात्री बंद गोदीत गेलो.
क्रेनखाली इशबेल थांबली, टोपी काढली
आणि हवेशी बोलू लागली,
दमून बसलेल्या माणसाशी बोलतात तसं.
मला दिसलं ते एवढंच: डबकी, एक सीगल,
आणि भर पावसात जमिनीवर
कोरडा ठणठणीत एक चौकोन.
पायरीएवढा.

"काय म्हणतो?"
"गुडघे गेलेत म्हणतो. जहाजाच्या पोटात रिव्हेट ठोकून.
अठ्ठावन्न चढवत नाहीत.
वर्षाला एक उचलणार.
सगळ्या संपल्या की तिचं दार रस्त्यालगत येईल."
मी हिशेब केला. ती एकशे अडतीसची होईल.
"सांगितलं मी त्याला," इशबेल म्हणाली.
"म्हणतो, थांबायची सवय आहे."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
इथे तर पायरीच आरोपीच्या बुडाखाली.

तळघरात इशबेलने अर्धं पान भरलं,
उरलेलं अर्धं माझ्याकडे सरकवलं.
मी फक्त तो चौकोन लिहायचा होता.
लांबी तीन फूट चार इंच, मी पावलांनी मोजली होती.
तेवढ्यावर दोन साक्षी पुऱ्या,
मग मीठ, मग शिट्टी.
बॉयलर खोकला. इशबेल शिट्टीचा गंज
अंगठ्याने उगाचच पुसत होती.

मी लिहिलं: पाऊस जोराचा. काहीही दिसलं नाही.

आंधळा म्हणून ठेवलेल्या माणसाचं हे पहिलं खोटं.
ते तिने दोनदा वाचलं
आणि न बोलता फाइलला दोरी बांधली.

यंदा नोव्हेंबरात, ड्यूटी नसताना, पुन्हा गेलो.
मोजल्या. त्रेपन्न.
वर्ष एकच झालं होतं.
मी पुन्हा मोजल्या, भिंतीला हात लावून,
मग दार वाजवलं.
सेंगाने चहा दिला, बिस्किटं दिली,
खाली मिस्टर बाल्फरला छत बुटकं वाटतंय म्हणाली
आणि हसली.
तिच्या तळहातांना ताजे फोड होते.
दारामागे, ओल्या कोटाशेजारी,
हातोडी होती, छिन्नी होती,
चपलेत दगडाचा पांढरा चुरा होता.

तेही मला दिसलं नाही.