बियाचा चाफा

माझा बाप, इनास लोपीस, बियाच्या चाफ्याला हसायचा.
कलम बांध म्हणायचा, तिसऱ्या वर्षी फूल हातात.
बी लावशील तर आठ वर्षं, दहा वर्षं,
आणि एवढं थांबून
झाड आईवर जाईलच असं नाही.

भुईगावच्या आमच्या वाडीत चाफ्याला फळ कधी धरलंच नाही.
धरणार कसं? पहाटे तीनला बॅटरी लावून
कळी न् कळी उतरवलेली असायची.
तो अंथरुणाला खिळला त्या वर्षी
शिडी भिंतीलाच राहिली.
सप्टेंबरात मी पोचलो तेव्हा
फांद्यांना लोंबत होते खडबडीत घोस,
उकललेले, आत लालभडक बिया.
निम्म्या बुलबुलांनी नेल्या होत्या.
उरलेल्यांतल्या एकोणीस मी उचलल्या,
माती देऊन आलो त्याच संध्याकाळी,
आणि सोहारला आणल्या त्याच्याच गोळ्यांच्या डबीत,
ओल्या काथ्यात.

खोलीत आम्ही चौघं.
बेसिनमध्ये वाळूने चोळून लाल साल काढली
तेव्हा शाजी म्हणाला, कुणाचा खून केलास?
पाण्यात टाकल्या. आठ तरंगल्या, त्या फेकल्या.
अकरा फ्रिजमध्ये, लबनेच्या डब्यामागे, दोन आठवडे,
कारण कुणीतरी सांगितलं होतं,
चाफा म्हणजे मॅग्नोलियाच, त्याला थंडी लागते.
आपल्या चाफ्याला लागत नाही. हे नंतर कळलं.
त्याने तक्रार केली नाही.

मग कुंडी, आणि काहीच नाही.
रिफायनरीच्या तीन शिफ्टा, आणि काहीच नाही.
एकेचाळिसाव्या दिवशी रात्रपाळीहून आलो
तर मातीतून एक मान बाहेर, वाकलेली,
डोक्यावर टरफल अजून तसंच,
उशिरा उठलेल्या पोराने
पांघरुणासकट दारात यावं तसं.

तीन उगवली.
एक बुरशीने नेलं.
एक शाजीने मारलं, माझ्या सुट्टीत
पाणी घालून घालून, प्रेमाने.

राहिलेल्याची पानं नळाच्या पाण्याने पिवळी पडायची,
शिरा तेवढ्या हिरव्या.
म्हणून एसीच्या नळीखाली बादली ठेवली.
आमच्या चौघांच्या श्वासातलं, घामातलं,
भाताच्या वाफेतलं पाणी
रात्रभर थेंब थेंब जमायचं;
सकाळी ते पाजायचं.

जून ते सप्टेंबर तो बाथरूममध्ये राहायचा.
दाढी करताना आरशात, खांद्यामागे,
दोन पानं जास्त दिसली की समजायचं, उन्हाळा सरतोय.
दर दोन वर्षांनी माझ्या कार्डावरची तारीख पुढे सरकायची.
सहाव्या वर्षी सरकली नाही.

विमानात झाड चालत नाही.
खल्फान बलूशीच्या खजुरीच्या बागेत नेलं,
पिकअपमध्ये आडवं घालून,
चादरीत गुंडाळून, शेंडा उघडा.
त्याची विहीर मचूळ. याला टँकरचं गोडं पाणी देईन, तो म्हणाला,
आणि बोट वर केलं, इन्शाल्ला.
त्या एका शब्दावर मी सहा वर्षं पगारवाढीची वाट पाहिली होती.
तरी झाड त्याच शब्दावर सोडलं.

आता शिडी मी चढतो.
परवा पहाटे, बॅटरी दातांत धरलेली, फोन वाजला.
खल्फानचा आवाज, मागे पंप.
फूल आलंय.
पिवळं नाही, सायीच्या रंगाचं,
आणि वास असा की बायको विचारतेय, अत्तर कुणी सांडलं?
सगळी मिळून पाच. तोडू?

चार तोड, मी म्हटलं, घरात ने.
शेंड्याचं राहू दे.
का, ते मला हिंदीत धड सांगता येईना.
बराच वेळ नुसता पंप.
मग तो म्हणाला, बी धरेल, पण बुलबुल नेतील.

निम्म्या, मी म्हटलं.