व्यवसाय : शेतकरी

जेनोवाच्या बंदर कचेरीत एक बाई दर मंगळवारी
जुन्या जहाजांच्या याद्या काढून देते.
आधी पांढरे सुती हातमोजे घालायला लावते.
मला ते ढगळ झाले. आजोबा असते तर
एका नजरेत माप सांगितलं असतं : पावणेसात.

पान एकशे बारा. फेब्रुवारी एकोणीसशे चाळीस.
पाइझर, झीगबर्ट. वय एकेचाळीस. व्यवसाय : शेतकरी.

मी मोठ्यानं हसले. बाईनं चष्म्यावरून पाहिलं.
ब्रेस्लाऊत आमचं दुकान होतं,
कोकराच्या कातड्याचे हातमोजे, तीन पिढ्या.
त्या माणसानं खिडकीतलं जिरेनियमसुद्धा
वाळवून मारलं होतं.
पण बोलिव्हियाला तेव्हा शेतकरीच हवे होते,
आणि वकिलातीतल्या कारकुनाला हवे होते पैसे,
वर बायकोसाठी एक करडी जोडी, कोपरापर्यंतची.
"हात दाखवा," तो म्हणाला म्हणे.
हात दाखवून अवलक्षण!
तरी आजोबांनी पुढे केले :
गोरे, निमुळते, बोटांच्या टोकांना सुईची भोकं.
तो बघत राहिला.
मग शिक्का मारला.

मी उलटी निघाले होते, कोचाबांबाहून खाली.
ला पाझच्या नोंदवहीत ते पैसेर,
आरिकाच्या जकातीत पेइसेर,
पनामाच्या कालव्यापाशी नुसता एक आकडा : तीन.
सगळीकडे तीनच.
आगगाडी आरिकाहून चार हजार मीटर चढते,
तिथं आजीचं नाक फुटलं, तिनं ते
विक्रीच्या मोज्यानं पुसलं आणि जन्मभर
आजोबांची बोलणी खाल्ली.
रानातल्या वसाहतीत त्यांनी अकरा आठवडे माती खणली.
मोजे घालून.
मग ला पाझमध्ये, पहिल्या कम्युनियनला जाणाऱ्या
कॅथलिक पोरींसाठी, लेसचे, इवले इवले.

एवढं ठाऊक होतं. जेनोवाला मी
केवळ यादी पुरी करायला आले.

दहावी ओळ : पत्नी, एल्फ्रीडे.
अकरावी : मुलगा, वय सहा. हे बाबा.
बाराव्या ओळीवर पट्टी धरून रेघ मारली आहे.
रेघ इतकी बारीक, इतकी नेटकी
की खालचं सगळं वाचता येतं.

पाइझर, हेनी. बहीण. वय तेहतीस.
व्यवसाय : शिवणकाम.

तिनं खरं सांगितलं होतं.

या नावाला आमच्या घरात खुर्ची नव्हती, फोटो नव्हता.
दिवाणखान्यातल्या कपाटात फक्त एक मोजा, डावा,
अर्धा शिवलेला, सुई तशीच.
विचारलं की आजोबा म्हणायचे, नमुना आहे.

बाबांना फोन लावला. नव्वदी गाठली आहे त्यांनी.
तिकडं सकाळ, मागं रेडिओ.
"आत्या आहे का यादीत?"
म्हणजे त्यांना माहीत होतं.
"आहे."
"नावापुढं काय लिहिलंय?"

बाई घड्याळाकडं बघत होती. कचेरी एकला बंद होते.
मी ढगळ मोज्यातलं बोट त्या रेघेवर ठेवलं.
"शेतकरी," मी म्हणाले.

बराच वेळ नुसता रेडिओ.
मग त्यांनी विचारलं, सहा वर्षांच्या आवाजात,
"मग ती चढली का नाही?"