तिसरी ओळ

जिंतूरला एप्रिलात पत्र्याखाली पेपर असला
की बाकाला कोपर टेकवत नाही, चटका बसतो.
मी दाराशी उभा. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक,
दिवाळीपासूनचं मानधन अजून यायचंय.

लिंबाजीमामा पाण्याचा जग घेऊन आत आले
आणि माझ्या कानाशी बोलले,
"बोरीहून निघालेत. जेवणं झाली."
भरारी पथक काय जेवलं
हे आमच्याकडं पथकाच्या आधी पोचतं.
खिडकीबाहेर पाचोळा पडला सटासट,
पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत.
एकट्या मुंजाजी कऱ्हाळेला सुचलं नाही.
त्याच्या पॅडखाली ती तशीच,
काडेपेटीएवढी,
झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स, कडा काळ्या पडलेल्या.

मी उचलली, आणि वाचली.
वाचायला नको होती.
'आवर्तकाळ' मधला ळ,
उजवा डोळा न मिटलेला, शेपटी वाऱ्यावर सोडलेली.
माझा.

चौदा वर्षं झाली. येलदरी रोडची खोली,
रात्रभर जागून लिहिली होती.
तेवढ्या वेळात धडा पाठ झाला असता.
आई उशाला चहा ठेवून गेली,
तिला वाटलं लेकरू अभ्यास करायलंय.
स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं बारीक करून दिली
आणि एक प्रत गल्ल्याखाली ठेवून घेतली.
मी विचारलं नाही, कामून म्हणून.

तिसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह नाही.
झोपेत राहून गेलं.
वजा नसलं की स्प्रिंग माघारी येत नाही,
एकदा ताणली की जातच राहते,
लांब, आणखी लांब,
हात सोडलेल्या पोरासारखी जत्रेत.
पण कुणाचं काही अडलं नाही.
चौदा बॅचा निघाल्या तशाच.
मीही निघालो. एम.एस्सी. झालो,
हातात खडू आला,
आणि फळ्यावर तो हात, आपसूक,
तिसरी ओळ तशीच लिहीत राहिला.
डिसेंबरात सय्यद अर्शिया उठून म्हणाली होती,
"सर, इथं वजा यायला पाहिजे ना?"
ते धरलेलंच असतं, मी म्हणालो. बस खाली.
बसली.
वहीत तिनं काय लिहिलं, मी पाहिलं नाही.

जीप गेटात शिरली.
"सर," मुंजाजी म्हणाला. एवढंच.

फॉर्म मी भरला.
आडनाव, नाव, बैठक क्रमांक.
जप्त मजकूर : चिठ्ठी, एक.
हस्ताक्षर विद्यार्थ्याचे स्वतःचे आहे काय? : नाही.
नसल्यास कोणाचे?
अर्धा इंचाचा रकाना.
पथकप्रमुखांनी घड्याळ पाहिलं.
माहीत नाही, असं मी लिहिलं
आणि सही केली.
प्राचार्यांनी सगळ्यांना लिंबू सरबत मागवलं,
मलाही. बर्फ घातलेलं.

त्याला तीन परीक्षांची बंदी लागली.
उरलेला वर्ग पास झाला.

परवा औंढा रोडला गाडी पंक्चर झाली.
टायरच्या दुकानात तोच,
कोपरापर्यंत काळा, ट्यूब पाण्यात दाबून
बुडबुडा कुठून येतोय ते बघत.
"सर, बसा की." स्टूल पुसून दिलं.
मी म्हणालो, बंदी संपली ना रे? फॉर्म भर पुन्हा.
"बघू," म्हणाला. ट्यूब घासली, सोल्युशन लावलं,
फुंकर घातली.
मग मान वर न करता :
"फॉर्मवर माझं आडनाव तुम्हीच लिहिलं होतं ना, सर?
कऱ्हाळे.
तो ळ मी वर्षभर पाठ करत होतो."

मी पाकीट काढलं.
त्यानं चाळीस घेतले, दहा परत दिले,
हवा बरोबर आहे का ते
अंगठ्यानं दाबून पाहिलं,
दोनदा.