‘ळ’ बाकी आहे

वरच्या मजल्यावरच्या उत्कर्षानं यादी दिली
वहीच्या फाडलेल्या पानावर, सात गाणी.
जपानी नावं देवनागरीत, पुढे बारीक अक्षरात सूचना:
पहिलं दुपारी नका ऐकू, कूलरखाली मरते.
तिसरं हेडफोन लावूनच.
पाचव्याला रडू आलं तर मला सांगू नका.

म्हटलं, गाते कोण?
कोणीच नाही, मावशी.
म्हणजे आहे. पण नाही आहे.
कोण्या एका बाईनं बंद खोलीत बसून
का कि कु के को म्हणून ठेवलं,
बाकी सगळं कॉम्प्युटर जोडून राहिला.

मी अंबाडी निवडत होते.
काडी हातातच राहिली.

अगं, ही तर बाराखडी.
मीही म्हटली आहे,
अठ्ठ्याण्णव साली, गणेशपेठच्या एसटी स्टँडवर,
चौकशी खिडकीमागच्या खोलीत, दाराला गोधडी टांगून.
ठवकर म्हणून माणूस होता, पंखा बंद करायचा,
म्हणायचा, मॅडम, ‘चार’ तीनदा म्हणा.
एक चार सुरुवातीचा, एक मधला, एक शेवटचा.
म्हटले. उमरेड, काटोल, भिवापूर,
कुही, मांढळ, रामटेक मार्गे, रामटेककडे,
आणि कळमेश्वर सहा वेळा,
कारण ‘ळ’वरून माझी जीभ घसरे.
मग त्यानं मधले माझे श्वास कापून टाकले.
म्हणाला, श्वासानं प्रवासी घाबरतात.

रिटायर झाले. गुडघे गेले. आवाजही जाड झाला.
स्टँडवर मात्र मी अजून चौतीस वर्षांची.
मागच्या दिवाळीत भाच्याला बसवून द्यायला गेले
तर मीच मला म्हणाले,
कृपया आपल्या सामानाकडे लक्ष द्यावे.
मी पिशवी घट्ट धरली.

नवतपा सुरू. रात्री दोन वाजता
पाणी मारलेल्या गच्चीवर पडून ऐकली.
पहिलं, स्टेशनात विसरलेल्या छत्रीचं आहे म्हणे.
दुसऱ्यात इतके शब्द की माणूस गुदमरावा;
ती नाही गुदमरत.
तिसरं आवडलं नाही, खरं सांगते,
डब्यात खडे टाकून हलवल्यासारखं.
चौथ्यात डोळा लागला.
पाचव्यात
दोन ओळींच्या मधे
तिनं श्वास घेतला.

मागे नेऊन पुन्हा लावलं. घेतला.
हिला कशाला लागतो? छाती नाही, नाक नाही,
खोकला नाही, खालच्या रस्त्यावरची धूळ नाही.
तिकडे कोणीतरी रात्र जागून
नेमक्या त्या जागी तो ठेवला असेल,
वाढलेल्या ताटात शेवटी
लिंबाची फोड ठेवावी तसा.

सहावं-सातवं राहिलंच.

सकाळी उत्कर्षाला काही सांगितलं नाही.
तिनंही माझ्या डोळ्यांकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.
दुपारी लॅपटॉप घेऊन खाली आली,
मावशी, आपल्या मराठीतली एक बाई बनवून पाहते.
बाकी अक्षरं मी माझीच भरली,
पण ‘ळ’ माझा बरोबर येऊन नाही राहिला,
आणि त्यांच्याकडे तर तो नाहीच.
तुम्ही द्याल?

मला हसू आलं. जगात एवढी माणसं
आणि ‘ळ’ मागायला माझ्याकडे.

कूलर बंद केला. पंखा बंद केला.
दाराला सोलापुरी चादर लावली.
बाहेर सेहेचाळीस, आत किती ते कोणी मोजलं नाही.
अळ. आळ. इळ.
कानामागून घाम मानेवर उतरत होता,
त्याचाही आवाज येईल अशी भीती वाटली.
‘ळे’ला जीभ घसरली. पुन्हा.
असू द्या, म्हणाली, तसाच ठेवते.

म्हटलं, एक सांगते पोरी,
मधले श्वास कापू नकोस.
नाही कापत, ती म्हणाली,
मान वर न करता.
म्हणा आता, ‘ळो’ बाकी आहे.