वाळू न घालता

हातात थापी धरली त्याला एकतीस वर्षं झाली,
आणि एकतीस वर्षं मी एकच काम केलं:
पाण्याला वाट दिली नाही.
गच्ची, न्हाणी, हौद,
शामरावनगरातली ती अख्खी गल्ली,
जिथं दारातलं अंगणसुद्धा लोकांनी माझ्याकडून
घोटून घेतलं, आरशासारखं.
मग पावसाचं पाणी घरात शिरलं की मलाच फोन:
दस्तगीरभाई, उंबरा जरा वाढवून द्या.
मी वाढवून दिले.

मगदूम मॅडम, महापालिकेच्या इंजिनिअर,
वयानं माझ्या लेकीएवढ्या.
मार्केट यार्डामागच्या टेंपो थांब्यावर उभ्या राहून म्हणाल्या,
वाळू घालायची नाही.
मला वाटलं, पैसे संपले.

नुसती बारीक खडी, सिमेंट,
आणि पाणी, औषधासारखं मोजून.
ओलं झालं तर सिमेंट तळाला उतरतं,
कोरडं राहिलं तर खडी सुटते.
मूठ दाबून बघा, म्हणाल्या.
दाबली. गोळा टिकला, तळहात नुसता चमकला.
तेव्हा कळलं, हे भडंगाचं काम आहे.
तेल दाण्यादाण्याला लागलं पाहिजे
आणि पातेल्याच्या बुडाशी थेंब राहता कामा नये.

याच्याखाली हातभर मोठी खडी,
तिच्याखाली आपली काळी माती,
जी पाणी गिळत नाही, गालात धरून बसते.
म्हणून भोकांचा पाइप, उतार देऊन, पार चरापर्यंत.
टेंपोचं गळकं तेल, हळदीची धूळ,
इतकी वर्षं एका सरीत कृष्णेला जाऊन मिळायची;
आता निदान वाटेत अडेल थोडी.
आणि नदीच वर आली
तर याचा काही उपयोग नाही,
हेही मॅडमनी आधीच सांगून टाकलं.
खरं बोलणाऱ्याच्या हाताखाली काम करायला बरं वाटतं.

रोलर फिरवला. थापी मारायची नव्हती.
हात सारखा तिकडंच जायचा,
जसा मिशी काढलेल्या माणसाचा ओठावर जातो.

सकाळी बघतो तर कोपऱ्यातला कागद उचललेला,
दोन हात जागा गुळगुळीत.
जतचा तायाप्पा, माझा हेल्पर,
रात्री एकट्यानं जागून त्यानं सगळी छिद्रं बुजवलेली,
आणि शाबासकीची वाट बघत उभा.
काय बोलणार त्याला?
ते घोटणं माझंच होतं,
हात फक्त त्याचा.

राहू द्या, मॅडम म्हणाल्या. दाखवायला बरं.

महिन्यानं टँकर आणून ओतला.
हमाल जमले, ड्रायव्हर जमले,
हळद चाळणाऱ्या बायका पदर झटकत आल्या.
पाणी पसरलं, पसरलं, आणि
मधेच कुठं गेलं ते कुणालाच कळेना.
खालून आवाज आला,
उन्हातून आलेला माणूस तांब्या ओठाला न लावता
वरून पितो ना, तसा.
वरून पिवळं गेलं होतं,
पाइपाच्या तोंडाशी जरा कमी पिवळं आलं.
जराच. मी बादलीत धरून बघितलं.

कोपऱ्यात मात्र तायाप्पाचं डबकं,
त्यात आभाळ, एक कावळा, आणि तेलाचे सगळे रंग.
दिसायला तेच सगळ्यात देखणं.
तो त्याच्याकडं बघत राहिला. मीही.

दर तीन महिन्यांनी ही छिद्रं झोताच्या पाण्यानं
साफ करावी लागतील. कोण करणार,
ते ठरायचंय. फाईल वर गेलीय म्हणतात.

परवा शामरावनगरातून फोन आला.
दस्तगीरभाई, उंबरा.
म्हटलं, उंबरा राहू दे,
अंगण फोडायची तयारी आहे का?
पलीकडं बराच वेळ नुसती मिक्सरची घरघर.
विचारून सांगतो, म्हणाले.

तायाप्पानं पहार
गाडीतच टाकून ठेवलीय.